आबासाहेबांचं विमान आणि आमची सॉफ्टवेअर समिती

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. निवृत्त माणसाच्या टेबलावर जशा लग्नपत्रिका साचतात तसे ते साचतात. फेकवत नाहीत आणि ठेवून उपयोगही नसतो. आठवडी बाजाराच्या दिवशी आम्ही चार-पाच म्हातारे वडवणीच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात बसतो. चहा येण्याआधीच कोणीतरी म्हणतं, "सर, ते विमानाचं सांगा की." मी सांगतो. ते हसतात. मला मात्र सांगताना दर वेळी राग येतो, आणि घरी जाताना शंका येते की हा राग नेमका कोणाचा येतो आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या सगळ्यात पाच माणसं आहेत. त्यातली चार जमिनीवरून बोलत होती. पाचवी, चोवीस वर्षांची ऋतुजा, खरोखर विमान घेऊन वर जात होती, आणि आम्ही जे ठरवू त्याच्या भरवशावर जाणार होती. हसायचं तर हसा, पण एवढं लक्षात ठेवून हसा.

* * *

माजलगावकडे एक साखर कारखाना आहे. नाव सांगत नाही, आणि तुम्हीही विचारू नका. त्याचे चेअरमन आबासाहेब. त्यांनी चार सीटचं एक जुनं विमान घेतलं आणि कारखान्याच्या मागच्या माळावर धावपट्टी केली. ऋतुजा त्यांची पुतणी. तिने खाजगी वैमानिकाचा परवाना काढलेला. घरच्या-ओळखीच्या माणसांना घेऊन जायचं, भाडं घ्यायचं नाही, असा तो परवाना.

प्रत्येक उड्डाणाआधी ही मुलगी दोन-दोन तास कागदावर हिशेब करायची. नकाशा, पट्टी, पेन्सिल. वाटेत वारा कुठून, इंधन किती, वजन किती, उतरता आलं नाही तर दुसरीकडे कुठे जायचं. आबासाहेबांना ते बघवत नसे. त्यांची गाडी किल्ली फिरवली की सुरू होते, विमानाला दोन तास का लागावेत? कोणीतरी त्यांना सांगितलं की हे सगळं करणारं सॉफ्टवेअर मिळतं, टॅबवर चालतं. झालं. कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे खरेदी समिती नेमली गेली.

समितीत मी कसा? माझी डॉक्टरेट दख्खनच्या पठारावरच्या वाऱ्यांवर आहे. परदेशात केली, पुण्यात तीस वर्षं शिकवलं, आणि आयुष्यात एकदाही विमान चालवलं नाही. हे मी आबासाहेबांना स्पष्ट सांगितलं. म्हटलं, मला या विषयातलं अर्धंच कळतं, कदाचित अर्ध्याहून कमी.

आबासाहेब म्हणाले, "सर, तुमी शिकलेले हायत. तुमी नुस्तं बसा."

मी बसलो. पुढचे चार महिने मी तेच केलं.

* * *

समितीचे सचिव गायके. कारखान्यात पंपापासून पायपुसण्यापर्यंत जे काही येतं ते गायक्यांच्या सहीने येतं. माणूस प्रामाणिक, पण त्यांच्याकडे तुलनात्मक तक्त्याचा एकच नमुना आहे, आणि तो बॉयलरच्या पंपासाठी केलेला आहे. त्याच तक्त्यात त्यांनी तीन सॉफ्टवेअर बसवली.

रकाने असे: हॉर्सपॉवर, वजन, रंग, गंजरोधक लेप आहे किंवा कसे, माल गोदामापर्यंत पोच आहे किंवा कसे. हॉर्सपॉवरच्या खाली तिन्ही ठिकाणी "लागू नाही". वजनाच्या खाली "निरंक". पोचच्या खाली मात्र त्यांनी तिघांनाही फोन करून विचारलं होतं, आणि दुसऱ्या कंपनीने "पोच नाही, डाउनलोड करावे लागेल" असं सांगितल्याबद्दल तिचे दोन गुण कापले होते.

मी तक्ता नीट वाचला तेव्हा तिसरं सॉफ्टवेअर विमानाचं नव्हतंच. ते पिकांवर औषध फवारणाऱ्या ड्रोनचं होतं. मी हळूच गायक्यांच्या लक्षात आणून दिलं.

"मला ठाऊक हाय सर," ते शांतपणे म्हणाले. "पण तीन कोटेशन लागतेत."

मला वाटलं, यावर मी भडकायला हवं. मग वाटलं, सरकारी-सहकारी खरेदीचे नियम मला कुठे माहीत आहेत? मी कागद खाली ठेवला. घरी येऊन बायकोवर भडकलो, भाजीत मीठ कमी आहे म्हणून. मीठ बरोबर होतं.

* * *

मग प्रात्यक्षिक. दुसऱ्या कंपनीचा पुण्याचा एक तरुण प्रतिनिधी आला. बोर्डरूममध्ये मोठ्या पडद्यावर नकाशा लावला. म्हणाला, साहेब, कुठे जायचंय सांगा. आबासाहेबांनी मुंबई सांगितली. त्याने रेघ ओढली. रेघेच्या वाटेत एका ठिकाणी लाल गोल उमटला.

"ते लाल काय हाय?" आबासाहेबांनी विचारलं.

ऋतुजा म्हणाली, "काका, तिथून जायला बंदी आहे. वळसा घालावा लागतो."

"कोनाची बंदी?"

"लष्कराची."

आबासाहेबांनी गायक्यांकडे पाहिलं आणि सहज आवाजात सांगितलं, "तिथं कोन साहेब हाय बघा. फोन लावा."

प्रतिनिधी हसला. त्याला वाटलं विनोद आहे. गायक्यांनी वहीत लिहून घेतलेलं पाहिल्यावर त्याचं हसू थांबलं.

दुपारी पहिल्या कंपनीचा माणूस आला. त्याचं सॉफ्टवेअर स्वस्त. तोच मार्ग टाकला, तर रेघ इथून मुंबईपर्यंत सरळ, हिरवीगार. एकही लाल ठिपका नाही. आबासाहेब खूश झाले. ऋतुजाने विचारलं, हा नकाशा कधीचा? तो माणूस म्हणाला, मॅडम, अपडेट घेतलं की सगळं येईल, त्याचे वेगळे चार्जेस आहेत.

म्हणजे ज्याला धोका माहीत होता त्याने तो दाखवला, ज्याला माहीत नव्हता त्याने दाखवला नाही. आणि गायक्यांच्या तक्त्यात "अडथळे" नावाचा नवा रकाना आला: पहिलं शून्य, दुसरं एक. ज्याचे अडथळे कमी त्याला गुण जास्त.

आबासाहेबांनी माझं मत विचारलं. मी म्हटलं, एका बाजूने पाहिलं तर किंमत महत्त्वाची आहे, पण दुसऱ्या बाजूने विचार करता...

"सर," ते म्हणाले, "एका बाजूनं सांगा."

मी सांगितलं की मला थोडा वेळ द्या. ऋतुजाने माझ्याकडे पाहिलं आणि मग नकाशाकडे पाहू लागली. ते पाहणं मला अजून आठवतं.

* * *

सगळ्यांवरच राग काढतो आहे, तर एक किस्सा माझ्यावरचाही सांगायला हवा.

हमीदभाई माजलगावचे. आयुष्यभर डिझेल इंजिनं आणि पाण्याचे पंप दुरुस्त केले. विमानाच्या इंजिनाला हात लावायचा परवाना असलेला इंजिनिअर संभाजीनगरहून ठरावीक दिवसांनी येतो. एरवी विमान धुणं, ढकलणं, टाकीत इंधन भरणं, चाकांची हवा बघणं हे हमीदभाईंकडे. सॉफ्टवेअरला विमानाची माहिती भरावी लागते, त्यात ताशी इंधन किती जळतं हा आकडा लागतो. मी विमानाच्या छापील पुस्तकातला आकडा काढून दिला. त्या आकड्याने भरलेली टाकी साडेचार तास पुरते असं सॉफ्टवेअरने दाखवलं.

हमीदभाई म्हणाले, "न्हाई पुरत. पावणेचार."

मी विचारलं, कशावरून? त्यांनी एक लाकडी काठी आणून दाखवली. तिच्यावर चाकूने खाचा पाडलेल्या. प्रत्येक उड्डाणाआधी आणि नंतर ही काठी टाकीत बुडवून ते खाचा मोजत होते. मी त्यांना समजावलं की पुस्तकातला आकडा विमान बनवणाऱ्यांनी प्रयोग करून काढलेला असतो. काठीवर खाचा पाडून इंधनाचा हिशेब होत नाही. मी बराच वेळ बोललो. वर्गात बोलायचो तसा.

त्यांनी मला मध्ये तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "सर, तुमचं पुस्तक नव्या इंजिनाचं हाय. हे इंजिन लई चाललंय. जसा मानूस पिकला की त्याला चहा जास्त लागतो."

ऋतुजाने त्या काठीवरून तीन उड्डाणं मोजली. पावणेचार तास. हमीदभाई बरोबर होते, मी चूक. मुलगी माझ्या आकड्यावर विसंबली असती तर शेवटचा पाऊण तास टाकीत नुसती हवा असती.

त्या दिवसानंतर मी ठरवलं की आपण फार ठामपणे बोलायचं नाही. हा धडा मी चुकीचा घेतला, हे मला नंतर कळलं. ठाम बोलण्यात चूक नव्हती, काठी न बघता बोलण्यात होती.

गायक्यांनी ती काठी मालमत्ता नोंदवहीत चढवली. प्रकार: सॉफ्टवेअर, लाकडी.

* * *

धावपट्टीवर वारा दाखवणारी कापडी नळी असते. तिला विंडसॉक म्हणतात. वारा आला की ती आडवी होते, जितका जोर तितकी ताठ. आमच्या धावपट्टीवरची मूळ नळी फाटली, तेव्हा गायक्यांनी नवी विकत न घेता साखरेच्या तागाच्या पोत्यांची शिवून घेतली. दोन पदरी, मजबूत. वर कारखान्याचं नाव. आबासाहेबांना फार आवडली.

ती इतकी जड की वावटळ आली तरच हलायची.

एका सकाळी आम्ही दुसऱ्या सॉफ्टवेअरची परीक्षा घ्यायला माळावर गेलो. टॅबवर दिसत होतं, आडवा वारा, जोर बऱ्यापैकी. गायक्यांनी वर पाहिलं. नळी खाली लोंबत होती.

"हितं वारा न्हाई, आन ह्याच्यात हाय," ते म्हणाले. "खोटं हाय सॉफ्टवेअर." वहीत आणखी तीन गुण कमी.

मी काही बोलायच्या आत माझी टोपी उडाली. डोक्यावरची, उन्हासाठी घातलेली. ती धावपट्टीवर आडवी लोळत पार कुंपणापर्यंत गेली. गायके धावत जाऊन ती घेऊन आले, धूळ झटकून त्यांनी माझ्या हातात दिली, आणि वहीत कापलेल्या तीन गुणांखाली सही केली.

चाळीस वर्षं वाऱ्यावर काम केलेला माणूस हातात टोपी धरून उभा होता. ऋतुजा म्हणाली, "सर, तुम्ही तरी बोला." मी म्हटलं, नळी बदलली पाहिजे बहुतेक.

बहुतेक! त्या "बहुतेक"चा मला आजही संताप येतो.

* * *

शेवटी सॉफ्टवेअर निवडलं ते समितीने नाही, ऋतुजाने. पहिल्याला सर्वांत जास्त गुण होते, दुसऱ्याला ड्रोनवाल्याहूनही कमी. ती सरळ बोर्डरूममध्ये आली आणि म्हणाली, दुसरं घ्या, नाहीतर मी उडवणार नाही.

आबासाहेब तिच्यावर ओरडले नाहीत. ते कधी ओरडत नाहीत. म्हणाले, "तू न्हाई उडवलं तर पुन्याहून पायलट आनतो. मंग तू घरी बस. तुझ्या आईला म्हनावं, स्थळं बघ."

तिचं तोंड उतरलं. पण ती हलली नाही. आबासाहेबांना पुतणीचं कौतुकही होतं, तेवढ्यावर निभावलं. दुसरं घेतलं.

खरेदी चेअरमनच्या नावावर. टॅब गायक्यांच्या लोखंडी कपाटात. ज्या दिवशी उड्डाण त्या दिवशी मागणीपत्र द्यायचं, टॅब न्यायचा, संध्याकाळी परत जमा करायचा. रविवारी ऑफिस बंद, कपाट बंद. रविवारी ऋतुजा पुन्हा पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसायची.

मी गायक्यांना विचारलं की हे कावून? त्यांच्याच भाषेत विचारलं, म्हणजे राग सौम्य वाटेल.

ते म्हणाले, "सर, महाग वस्तू हाय. कोनी वापरली तर खराब होईल."

* * *

आता वजनाचं सांगतो. इथे हॉटेलातले लोक चहाचा कप खाली ठेवतात.

आबासाहेबांना दोन संचालकांना घेऊन पुण्याला जायचं होतं. ऋतुजा धरून चार माणसं, सामान, आणि जाण्याइतकं इंधन. विमानाचं रिकामं वजन कागदपत्रांप्रमाणे सातशे साठ किलो. ऋतुजाने सगळ्यांना वजनं विचारून सॉफ्टवेअरमध्ये भरली. पडदा लाल झाला. पंचावन्न किलो जास्त.

तिने काकांना समजावलं की एवढ्या वजनाने विमान उठेल की नाही सांगता येत नाही. आपली धावपट्टी आखूड आहे, शेवटाला विजेच्या तारा आहेत. एक संचालक कमी करा. आबासाहेब म्हणाले, सीट चार हायत, मग मानसं तीन कावून? कोणता संचालक मागे ठेवायचा हा त्यांच्यासाठी विमानापेक्षा अवघड प्रश्न होता.

तोडगा गायक्यांनी काढला. कागद जुना आहे, त्यानंतर सीटा बदलल्या, जुना रेडिओ काढला. विमानाचं वजन परत करू. त्यात तत्त्वतः काही चुकीचं नव्हतं. परवानाधारक संस्थेकडे न्यावं लागतं, तिथे चाकांखाली वेगळे काटे ठेवून वजन करतात. ऋतुजा तसं म्हणाली.

"लांब कावून न्यायचं?" आबासाहेब म्हणाले. "आपल्याकडं काटा हाय."

गाळपाचा हंगाम ऐन भरात. ऊसवजनाच्या काट्यासमोर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. शिरूर कासारकडच्या ऊसतोड टोळ्या गाड्यांवर बसून होत्या. त्या रांगेत, दोन ट्रॅक्टरच्या मध्ये, हमीदभाई आणि चार माणसं विमान ढकलत घेऊन आले. टाक्या रिकाम्या केलेल्या. पंख वरच्या बाजूला असल्यामुळे एक पंख काट्याशेजारच्या केबिनच्या पत्र्यावरून वीतभर उंचीने पार झाला. कोणी हसलं नाही. शेकडो माणसं नुसती बघत होती.

काट्यावरच्या क्लार्कला पावती काढता येईना, कारण उसाची लागण कोणती ते भरल्याशिवाय मशीन पुढे जात नाही. त्याने "आडसाली" दाबलं. पावती आली: आडसाली ऊस, निव्वळ वजन सातशे किलो.

साठ किलो कमी! गायक्यांनी तिथल्या तिथे टॅब काढला, सातशेचा आकडा घातला. पडदा हिरवा. वर पाच किलो शिल्लक. आबासाहेबांनी गायक्यांच्या पाठीवर थाप मारली.

सीटा बदलून आणि एक रेडिओ काढून साठ किलो कमी होत नाहीत. हे मला माहीत होतं, हमीदभाईंना माहीत होतं, ऋतुजाला माहीत होतं. आणि त्या काट्याबद्दल रांगेतल्या प्रत्येक माणसाला जे माहीत होतं, ते तर मी सांगायलाच नको. ज्याचा ऊस त्यालाही ठाऊक, ज्याने तोडला त्यालाही ठाऊक. वर्षानुवर्षं. पण त्या आवारात उभं राहून "काटा चुकतो" हे म्हणायचं कोणी?

ऋतुजा माझ्याजवळ आली. म्हणाली, "सर, काका म्हणतात, सरांनी 'वजन बरोबर आहे' म्हटलं की निघायचं. तुम्ही सांगाल ते."

मी काय बोललो ते जसंच्या तसं सांगतो. मी म्हणालो, "काट्याची तपासणी वेळोवेळी होत असेलच ना."

ती म्हणाली, "बरं सर." आणि विमानाच्या शेपटीला हात लावून ढकलायला गेली. हमीदभाई माझ्याकडे न बघता पुढे गेले. त्यांनी काही म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

* * *

उड्डाण दुसऱ्या दिवशी सकाळी. मी वडवणीहून पहिल्या एसटीने निघालो. वाटेत दोनदा वाटलं उतरावं आणि परत फिरावं. इंधनाच्या वेळी मी चूक ठरलो होतो, आजही ठरेन. तिसऱ्यांदा वाटेपर्यंत माजलगाव आलं.

माळावर पोचलो तेव्हा दोन्ही संचालक मागच्या सीटवर बसलेले होते. ऋतुजा पुढे, तिच्या मांडीवर टॅब, हिरवा. तिचा चेहरा पाटीसारखा कोरा. हमीदभाई चाकांखालचे ठोकळे काढून हातात घेऊन उभे. आबासाहेब पांढऱ्या कपड्यांत, एक पाय विमानाच्या पायरीवर ठेवायच्या बेतात. धावपट्टीच्या तारेच्या कुंपणापलीकडून काट्याकडे जाणारा रस्ता आहे. त्यावर उसाच्या गाड्या थांबल्या होत्या. विमान उडताना बघायला बायामाणसं गाड्यांवर उभी होती. इंजिन अजून सुरू नव्हतं. पाखरांचा आवाज ऐकू येत होता.

मी चालत विमानापाशी गेलो.

"आबासाहेब," मी म्हणालो, "ऋतुजाच्या टॅबमधला वजनाचा आकडा तुमच्या काट्यावरचा आहे. त्या आकड्यावर तुम्ही स्वतः बसता का?"

"म्हंजे?"

"म्हणजे काटा बरोबर आहे, असं तुम्ही म्हणता?"

आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. वर्गातला आवाज. कुंपणापलीकडची माणसं इकडे बघू लागली. मागच्या सीटवरच्या एका संचालकाने दुसऱ्याकडे पाहिलं.

आबासाहेबांनी कुंपणाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझ्याकडे इतक्या रागाने आयुष्यात कोणी पाहिलेलं नाही, आणि खरं सांगतो, मला त्या क्षणी बरं वाटलं.

"काटा बरोबर हाय," ते म्हणाले. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"मग बसा, काका," ऋतुजा म्हणाली.

त्यांनी पाय पायरीवर ठेवला. विमान त्यांच्या भाराने एका अंगाला किंचित कललं. धावपट्टीच्या टोकाच्या तारा तिथून स्पष्ट दिसत होत्या. आबासाहेब त्या तारांकडे बघत राहिले. एक पाय वर, एक खाली. हमीदभाईंनी हातातले ठोकळे परत चाकाला लावले.

मग आबासाहेब ऋतुजाच्या बाजूला वाकले. आवाज अगदी खाली आणला, पण इंजिन बंद होतं आणि माळावर एवढी माणसं असून कोणी खोकतही नव्हतं.

"शंभराला आठ किलो वाढवून टाक," ते म्हणाले.

ऋतुजाने आकडा बदलला. तिच्या मांडीवरचा टॅब लाल झाला.

कुंपणापलीकडे उसाच्या गाडीवर उभ्या असलेल्या एका बाईने शेजारच्या गाडीवरच्या बाईला विचारलं, "किती म्हनले?"

"आठ," ती म्हणाली, आणि कासरा सोडून गाडीवरून खाली उतरली.